आकाश सगळ्यांचे, सावली मात्र पासवाल्यांची

६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरिना बीचवर भारतीय वायुसेनेच्या ९२ व्या वर्धापनदिनाचा एअर शो झाला. वेळ कोणती? सकाळी ११ ते दुपारी १. प्रवेश फुकट. पंधरा लाख लोक जमल्याचे अभिमानाने सांगितले गेले. विक्रमाच्या पुस्तकात नाव जाणार म्हणून आधीपासूनच गाजावाजा होता. लोक सकाळी आठपासून वाळूत येऊन बसले होते. कडेवर लेकरं, खांद्यावर लेकरं, आजीच्या पदराखाली लेकरं. गर्दीला जागा व्हावी म्हणून रस्त्यावरचे पाणी विकणारे फेरीवाले आधीच हटवल्याच्या बातम्या आल्या. शो संपल्यावर एवढ्या लोकांना घरी नेणारी ना पुरेशी लोकल होती, ना बस. त्या दिवशी पाच माणसे मेली. कितीतरी लोकांना रुग्णालयात न्यावे लागले.

ही चेंगराचेंगरी नव्हती. विमानही कोसळले नव्हते. माणसे ऊन, तहान आणि गर्दीने मेली. मग उत्तर काय मिळाले? लोकांना छत्री, टोपी, पाण्याची बाटली आणायला आधीच सांगितले होते! म्हणजे चूक मेलेल्यांची. नंतर मुख्यमंत्र्यांनी प्रत्येकी पाच लाखांची मदत जाहीर केली आणि विषय संपला.

मित्रांनो, हा विषय संपलेला नाही. वायुसेनेचा वर्धापनदिन आता दिल्लीजवळच्या हिंडन तळापुरता राहिलेला नाही. २०२२ ला चंडीगड, २०२३ ला प्रयागराज, २०२४ ला चेन्नई असा तो शहरोशहरी फिरतो आहे. आपल्या नागपूरला तर वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालयच आहे. 'सूर्यकिरण'ची विमाने नागपूरकरांना नवीन नाहीत. उद्या तुमच्या शहरात असा शो लागेल आणि वस्तीतली पोरं तुमच्या मागे लागतील, 'दादा, विमान बघायला चल'. तेव्हा काय करायचे, हे आज ठरवले पाहिजे.

या प्रश्नावर आपल्याकडे दोन प्रकारची माणसे बोलतात. दोघांशीही माझे भांडण आहे.

पहिला प्रकार म्हणजे सोसायटीत राहणारा, शहाणपण शिकवणारा. तो म्हणतो, 'या लोकांना अक्कलच नाही. दोन-दोन वर्षांची लेकरं घेऊन उन्हात जातातच कशाला?' हे बोलणाऱ्याच्या घरातले मूल दिवाळीच्या सुट्टीत विमानाने गोव्याला जाते, खिडकीजवळची जागा मिळाली नाही म्हणून रडते. त्याला एअर शोची गरजच काय? पण वीटभट्टीवरच्या बापाला, घरकाम करणाऱ्या आईला, ऊसतोड कामगाराला विमानाचे तिकीट परवडत नाही. त्यांच्या लेकराने विमान पाहिलेले असते ते आभाळातल्या पांढऱ्या रेघेसारखे. ते विमान एक दिवस फुकटात, डोळ्यांसमोर, कानठळ्या बसवत जाणार असेल, तर बाप लेकराला खांद्यावर घेऊन जाणारच. ही बेअक्कल नाही. लेकराने आपल्यापेक्षा जास्त जग पाहावे ही भूक आहे. याच भुकेपोटी आपल्या आज्यांनी भाकरी बांधून पोरांना शाळेत पाठवले. तिची टिंगल करू नका.

दुसरा प्रकार आपल्यातलाच आहे. तो म्हणतो, 'हा सगळा युद्धखोर राष्ट्रवादाचा तमाशा आहे. आपल्या लोकांनी तिकडे फिरकूच नये.' या म्हणण्यात तथ्य आहे, त्यावर पुढे येतो. पण फिरकायचेच नाही, हा मार्ग बाबासाहेबांचा नाही. बाबासाहेब १९४१ साली व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्याच वर्षी महार रेजिमेंट उभी राहिली, ती बाबासाहेबांच्या पाठपुराव्याशिवाय झाली नसती. सैन्य हा सन्मानाचा आणि रोजगाराचा दरवाजा आहे आणि तो आपल्यासाठी बंद ठेवता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. आणि त्याच बाबासाहेबांनी १० ऑक्टोबर १९५१ ला मंत्रिमंडळ सोडताना केलेल्या निवेदनात हिशेब मांडला, की वर्षाला ३५० कोटींचा महसूल जमतो आणि त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात. म्हणजे आत शिरायचेही आणि हिशेबही मागायचा. दोन्ही एकाच वेळी. आपल्याला हेच करायचे आहे.

आता मूळ मुद्दा. मरिनावर ज्या उन्हात पाच माणसे मेली, त्याच उन्हात मंडपही होता. निमंत्रितांसाठी छप्पर, खुर्ची, पाणी. पासवाल्यांना सावली आणि बिनपासवाल्यांना वाळू! हे फक्त तमिळनाडूत घडते असे समजू नका. १६ एप्रिल २०२३ आठवा. खारघर, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा. लाखो लोक उघड्या मैदानात, व्यासपीठावरच्या मान्यवरांच्या डोक्यावर छत. १४ माणसे उष्माघाताने मेली. तिथेही नंतर पाच-पाच लाख. तिथेही भक्तिभावाने आलेल्या गरीब माणसांनाच दोष. त्यानंतर सरकारला सुचले, की उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत! १४ प्रेते मोजल्यावर सुचलेले हे शहाणपण शाळेतल्या पोरालाही आधीपासून ठाऊक होते.

खारघरला श्रद्धा होती, मरिनाला देशभक्ती. दोन्हीकडे गर्दी ही आयोजकांची शोभा होती. ड्रोनने वरून फोटो काढायचा, डोकी मोजायची, आकडा छापायचा. त्या आकड्यातल्या एकेका डोक्याला पाण्याची गरज असते, हे कुणाच्या नियोजनात नव्हते.

आणि गर्दीचे मोजमापही जात पाहून बदलते! ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. तेव्हा दादरच्या काही लोकांच्या नाकाला रुमाल लागतात. 'घाण होते', 'ट्रॅफिक होते', 'फुकटात रेल्वेने येतात'. आमची गर्दी म्हणजे गैरसोय आणि त्यांची गर्दी म्हणजे विक्रम! पण त्या गैरसोयीकडे जरा नीट पाहा. शिवाजी पार्कात निवाऱ्याचे मंडप असतात, पिण्याच्या पाण्याचे नळ असतात, फिरती शौचालये असतात, वैद्यकीय कक्ष असतात. समता सैनिक दलाची पोरं-पोरी रांगा लावतात. गावोगावची मंडळे जेवण वाटतात. हे महापालिकेने प्रेमापोटी दिलेले नाही. कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे निवेदने देऊन, बैठकांत बसून, भांडून मिळवलेले आहे. लाखोंची गर्दी लेकराबाळांसह सुखरूप घरी पाठवता येते, हे आपण दरवर्षी करून दाखवतो. दीक्षाभूमीवरही करून दाखवतो. मग ज्यांच्याकडे सगळी सरकारी यंत्रणा आहे, त्यांना हे का जमत नाही? जमत नाही असे नाही. ते त्यांना करावेसे वाटत नाही.

पाण्याचा प्रश्न आला की आंबेडकरी माणसाला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले ते तहान भागवण्यासाठी नव्हते. सार्वजनिक पाण्यावर आमचा माणूस म्हणून हक्क आहे, हे सांगण्यासाठी होते. पुढे संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि सरकारी पैशावर चालणारी सार्वजनिक ठिकाणे यांतून जातीच्या कारणावरून कुणाला अडवता येणार नाही, हे लिहिले गेले. कुणी म्हणेल, एअर शोच्या पासवर जात लिहिलेली नसते. बरोबर आहे, नसते. कायद्याच्या कोर्टात तो भेदभाव सिद्ध होणार नाही. पण पास कुणाच्या घरी पोहोचतो? साहेबाच्या, नगरसेवकाच्या, पत्रकाराच्या, ठेकेदाराच्या. झाडू मारणाऱ्या कामगाराच्या घरी कधी पास आलेला पाहिला आहे? शो संपल्यावर तोच मैदान साफ करतो. पंधरा लाख लोकांच्या बाटल्या, चपला, कागद कोण उचलतो, हे मी सांगायला नको.

इथे अमेरिकेतल्या एका बाईची आठवण करून द्यायलाच हवी. बेसी कोलमन. जन्म २६ जानेवारी १८९२, म्हणजे बाबासाहेबांपेक्षा जेमतेम नऊ महिन्यांनी लहान. टेक्सासमधली कृष्णवर्णीय मुलगी, कापूस वेचून वाढलेली, पुढे शिकागोत केशकर्तनालयात नखे साफ करण्याचे काम करणारी. तिला विमान उडवायचे होते. काळी आणि त्यात बाई, म्हणून अमेरिकेतली एकही शाळा तिला घेईना. ती फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि जून १९२१ मध्ये वैमानिकाचा परवाना घेऊन आली. १९२२ पासून ती एअर शोमध्ये कसरती करू लागली. टेक्सासमध्ये एका शोला गोऱ्यांसाठी एक दार आणि काळ्यांसाठी दुसरे दार ठेवले होते. बेसीने सांगितले, दार एकच असेल तर उडेन, नाहीतर नाही. आयोजकांना ऐकावे लागले. आत गेल्यावर बसण्याच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या. पण दार एक झाले. काळाराम मंदिराच्या दारासाठी नाशिकला सत्याग्रह सुरू झाला १९३० साली. त्याच्या काही वर्षे आधी एका काळ्या बाईने एअर शोच्या दाराचा सत्याग्रह केला होता! १९२६ मध्ये विमानातून पडून ती गेली, अवघी ३४ वर्षांची. तिची गोष्ट तुमच्या वस्तीतल्या मुलींना सांगा. विमानाखाली उभे राहून टाळ्या वाजवणे आणि 'दार एक करा' म्हणणे, यातला फरक त्यांना कळेल.

आता लेकरांच्या जिवाचे बोलू. इथे भावनेने नाही, विज्ञानाने बोलायचे. वैज्ञानिक दृष्टिकोन हे संविधानाच्या कलम ५१ क ने सांगितलेले कर्तव्य आहे, आणि ते फक्त बुवाबाजीविरुद्ध वापरायचे नसते.

एक. लहान मुलाचे शरीर मोठ्यापेक्षा लवकर तापते. त्याला घाम कमी येतो, आणि तान्ह्याला तहान सांगता येत नाही. बापाच्या खांद्यावर बसलेल्या लेकराला सगळ्यात जास्त ऊन लागते, कारण त्याच्यावर कुणाचीच सावली नसते. मूल रडायचे थांबून मलूल पडले, तर ते झोपले असे समजू नका. लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओले करून वारा घाला, शुद्धीत असेल तर घोट-घोट पाणी द्या आणि डॉक्टर गाठा.

दोन. कान. जागतिक आरोग्य संघटनेने अचानक होणाऱ्या मोठ्या आवाजाची मर्यादा मोठ्यांसाठी १४० डेसिबल आणि मुलांसाठी १२० डेसिबल सांगितली आहे. डेसिबलमधला वीसचा फरक किरकोळ नसतो. आवाजाच्या दाबात तो दहा पटींचा असतो. लढाऊ विमान जवळून, खालून गेले की मुलांची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कापसाचा बोळा पुरेसा नाही. कानावर घट्ट बसणारे इअरमफ लागतात. युरोप-अमेरिकेच्या शोमध्ये लहान मुलांच्या कानांवर ते सर्रास दिसतात. आपल्या गर्दीच्या फोटोत शोधून दाखवा!

तीन. अंतर. २७ जुलै २००२ ला युक्रेनमधल्या ल्विव्ह शहराजवळ स्क्नीलिव्ह विमानतळावर असाच उन्हाळ्यातला, असाच फुकट एअर शो होता. सुखोई-२७ विमान कसरत करताना खाली आले आणि प्रेक्षकांत घुसले. ७७ माणसे मेली. त्यात २८ मुले होती. इजेक्ट झालेले दोन्ही वैमानिक वाचले. त्याआधी १९५२ ला इंग्लंडच्या फार्नबरोत विमान तुटून २९ प्रेक्षक मेले, १९८८ ला जर्मनीच्या रामस्टाइनमध्ये तीन विमाने धडकून ७० जण मेले. अशा अपघातांनंतर कसरत गर्दीच्या डोक्यावर न करता ठराविक अंतरावर करण्याचे नियम कडक झाले. प्रत्येक नियमाच्या खाली प्रेते आहेत. म्हणून 'नियम काय आहेत' हे विचारणे म्हणजे देशद्रोह नाही. आपल्याकडेही फेब्रुवारी २०१९ मध्ये बंगळुरूला सूर्यकिरणची दोन विमाने सरावात धडकली आणि एक वैमानिक गेला. त्याच आठवड्यात शोच्या पार्किंगला आग लागून सुमारे ३०० गाड्या जळाल्या.

या सगळ्यावरून माझे स्पष्ट म्हणणे असे. पाच वर्षांखालच्या लेकराला भर दुपारच्या, उघड्या मैदानातल्या, लाखोंच्या एअर शोला नेऊ नका. त्याला त्यातले काही आठवणारही नाही. त्याच्या वाट्याला फक्त ऊन, आवाज आणि भीती येते. शोच्या आधी दोन-चार दिवस सराव होतो आणि तीच विमाने वस्तीच्या गच्चीवरूनही दिसतात. तिथून दाखवा. मोठ्या मुलांना जरूर न्या, पण एकेकट्याने नाही. वस्तीतून गट करून न्या. दर पाच मुलांमागे एक मोठा माणूस, प्रत्येक मुलाच्या खिशात घरचा फोन नंबर, पाणी, मीठ-साखर, टोपी, कानाला संरक्षण, आणि शो संपायच्या अर्धा तास आधी परतीची वाट. चेन्नईत माणसे शो पाहताना जेवढी अडकली, त्याहून जास्त परतताना अडकली.

पण एवढ्यावर थांबलो, तर आपणही त्याच 'छत्री आणा' म्हणणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसू. स्वतःची काळजी घेणे हा हक्क मागण्याला पर्याय नाही. म्हणून शोची घोषणा झाली की त्याच आठवड्यात जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त आणि महापालिका यांना लेखी निवेदन द्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ सालीच गर्दीच्या कार्यक्रमांच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शिका काढली आहे. तिचा हवाला द्या आणि विचारा: बिनपासवाल्यांसाठी किती सावली? किती नळ? स्तनपान करणाऱ्या आयांसाठी जागा कुठे? हरवलेल्या मुलांचा कक्ष कुठे? किती रुग्णवाहिका, आणि गर्दीतून त्यांना वाट कोणती? वेळ दुपारची का, सकाळी आठची का नाही? सफाई कामगारांना हातमोजे, पाणी आणि जादा मजुरी मिळणार का? उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. एक तरुण, एक अर्ज. एवढे तरी होईल ना?

राहिला युद्धाचा प्रश्न. विमान पाहून मूल टाळ्या पिटते, त्यात मुलाचा दोष नाही. ते यंत्र खरोखर अद्भुत आहे. माणसाच्या बुद्धीने केलेले आहे, कुठल्या पुष्पक विमानाच्या कथेतून आलेले नाही! हे मुलांना ठासून सांगा. पण हेही सांगा, की लढाऊ विमान पिचकारी नाही. ते जिथे बॉम्ब टाकते तिथेही खाली कुणाचे तरी लेकरू असते. देशाचे संरक्षण लागते, बाबासाहेबांनीही ते नाकारले नाही. पण युद्धाची नशा आणि संरक्षण यांत फरक आहे. बुद्धाच्या लेकरांना तो फरक कळला पाहिजे, आणि तो शिकवायची जागा घर आणि विहार आहे, एअर शोचा लाउडस्पीकर नाही.

आणि शेवटचा प्रश्न मुलांनीच विचारावा असा आहे: त्या विमानात बसलेला कोण आहे? सैन्यदलांत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण नाही. एनडीएच्या परीक्षेतही नाही. कमर्शियल पायलट व्हायचे तर खर्च अर्ध्या कोटीच्या घरात. म्हणजे आमच्या लेकरांसाठी फुकट काय? तर खाली उन्हात उभे राहणे. वर बसणे मात्र महाग! हे बदलायचे तर शो पाहून आलेल्या पोराला दुसऱ्याच दिवशी सांगा, की एनडीएतून वायुसेनेत जायला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून आहे, दहावीनंतर तिथे निवड होते. मुलींसाठी नाशिकला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीएचे दार मुलींनाही उघडले आहे. किती वस्त्यांत ही माहिती पोहोचली आहे? किती विहारांत गणिताचा वर्ग चालतो? जयंतीच्या डीजेवर जेवढा पैसा जातो, त्याच्या चौथ्या हिश्शात वर्षभर गणित आणि विज्ञानाचा शिक्षक ठेवता येतो. हा हिशेब कडू आहे, पण तो मांडावाच लागेल.

त्यांना आपल्याकडून टाळ्या आणि डोकी हवी आहेत. पंधरा लाखांतले एक डोके व्हायला काहीच लागत नाही. आपल्याला आपल्या लेकरासाठी सावली हवी, पाणी हवे, एकच दार हवे आणि वर विमानात जागा हवी. यातले मागितल्याशिवाय काहीच मिळणार नाही.

जय भीम! जय संविधान!